बियरच्या कारखान्यात मोटर बसवायला निघाला आणि जगाला उष्णतेचा हिशोब देऊन गेला : जेम्स ज्यूल

मे महिन्यात भर दुपारी दळण घेऊन पिठाच्या गिरणीत गेलं की दोन गोष्टी हमखास जाणवतात. एक, गिरणीच्या आतली हवा बाहेरच्या उन्हापेक्षा जास्त तापलेली असते. दुसरी, डब्यात पडणारं पीठ हाताला चांगलं गरम लागतं. आता वीज तर मोटरला दिली होती दळण्यासाठी. मग ही गरमी आली कुठून?

उत्तर सोपं आहे, त्या विजेतूनच आली. मोटर फिरली, जातं फिरलं, गहू दळला गेला आणि शेवटी जवळपास सगळीच्या सगळी वीज उष्णता होऊन पिठात आणि हवेत गेली. आज एसीचं डिझाईन करणारा कुठलाही इंजिनिअर हा हिशोब कागदावर दोन ओळीत मांडतो. पण १८४० च्या आधी असा हिशोब मांडता येतो हेच कुणाला धड माहिती नव्हतं.

तो ज्यानं मांडला, तो ना प्राध्यापक होता ना इंजिनिअर. कॉलेजची पायरी चढलेला नव्हता. बियर बनवणाऱ्याचा पोरगा होता. नाव, जेम्स प्रेस्कॉट ज्यूल.

शाळेत ऊर्जेचं एकक म्हणून आपण ज्याचं नाव घोकलं, तोच हा ज्यूल. दहावीच्या विज्ञानात धारेचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ असं सूत्र पाठ केलेलं असतं, तेही याचंच. पण त्या सूत्रामागची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

तर गडी जन्मला २४ डिसेंबर १८१८ रोजी, इंग्लंडमधल्या सॅलफोर्डमध्ये. सॅलफोर्ड म्हणजे मँचेस्टरला अगदी खेटून असलेलं गाव, मधे काय ती इरवेल नदी. आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो ना, ते हेच मँचेस्टर. तेव्हा तिथं जिकडं बघावं तिकडं कापडाच्या गिरण्या, धुराडी आणि वाफेची इंजिनं. ज्यूलच्या वडिलांचा बियरचा मोठा कारखाना होता आणि घर त्या कारखान्याला लागूनच होतं. पैशाला तोटा नव्हता.

तोटा होता तो तब्येतीचा. लहानपणापासून पाठीच्या कण्याचं दुखणं, त्यामुळं पोरगा जरा बुजरा झाला. शाळेत न पाठवता घरीच शिकवलं गेलं. पण १८३४ मध्ये वडिलांनी एक भारी काम केलं. जेम्स आणि त्याचा मोठा भाऊ बेंजामिन, दोघांची शिकवणी थेट जॉन डाल्टन यांच्याकडं लावली. अणुसिद्धांतवाले डाल्टन. तेव्हा ते साठी ओलांडलेले, जगभर नाव झालेले, तरी पोरांच्या शिकवण्या घेऊन पोट भरत होते.

पोरांना वाटलं असणार, आता रसायनशास्त्राचे धमाकेदार प्रयोग बघायला मिळणार. डाल्टन यांनी सुरुवात केली अंकगणित आणि भूमितीपासून. १८३७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली. रसायनशास्त्राला जेमतेम हात लागला होता. पण नीट मोजायचं आणि मोजलेलं नीट लिहून ठेवायचं, ही सवय ज्यूलला तिथंच लागली.

घरी मात्र या दोघा भावांनी उच्छाद मांडला होता. लंगड्या घोड्याला विजेचे झटके देऊन बघ, मित्रांना देऊन बघ. एकदा घरातल्या मोलकरणीला झटके देत देत ती बेशुद्ध पडेपर्यंत गेले. आजच्या काळात थेट पोलीस केस झाली असती, आणि योग्यच झालं असतं.

या विजेच्या नादातूनच खरी गोष्ट सुरू झाली.

कारखान्यात वाफेचं इंजिन होतं. त्याला रोज कोळसा लागायचा. त्याच काळात युरोपात विजेच्या मोटरची हवा होती. आज जशी इलेक्ट्रिक गाड्यांची चर्चा आहे, अगदी तशी. लोकांना वाटत होतं की आता बॅटरी लावायची आणि फुकटात अफाट ताकद मिळवायची. एकोणीस वर्षांचा ज्यूलही त्यात उतरला. इंजिन काढून मोटर बसवली तर कोळशाचा खर्च वाचेल, असा साधा धंद्याचा विचार. १८३८ मध्ये त्यानं आपल्या मोटरवर पहिला लेख छापला.

पण हा पोरगा डाल्टन यांच्या हाताखालून गेला होता. मोटर फिरतेय म्हणून टाळ्या पिटून तो थांबला नाही. बॅटरीतलं जस्त किती झिजलं आणि त्यात वजन किती उचललं गेलं, याचा त्यानं मेळ घातला. १८४१ मध्ये मँचेस्टरमध्ये व्याख्यान देताना त्यानं आकडे मांडले. बॅटरीत एक पौंड जस्त झिजलं की त्याची मोटर फार तर ३ लाख ३१ हजार पौंड वजन एक फूट वर उचलायची. कॉर्नवॉलच्या खाणींवरची सगळ्यात चांगली वाफेची इंजिनं एक पौंड कोळशात १५ लाख पौंड उचलायची. म्हणजे जवळपास पाचपट. वर जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग.

थोडक्यात, बियरच्या कारखान्यात मोटर बसवायचा बेत बारगळला.

दुसरा कुणी असता तर इथं विषय संपला असता. ज्यूलच्या डोक्यात मात्र एक प्रश्न अडकून राहिला. जस्त तर झिजलं, मग त्यातली ताकद गेली कुठं? मोटरच्या तारा तापतात हे त्याला दिसत होतं. ती गरमी नेमकी किती, हे त्यानं मोजायला घेतलं.

पद्धत साधी होती. तारेचं वेटोळं पाण्यात बुडवायचं, त्यातून ठरावीक वेळ वीज सोडायची आणि पाणी किती तापलं ते बघायचं. जाड तार, बारीक तार, जास्त धारा, कमी धारा, असं सगळं करून १८४० च्या अखेरीस त्याला नियम सापडला. धारा दुप्पट केली की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. रोध दुप्पट केला तर उष्णता दुप्पट.

हा नियम शेतकऱ्याला न शिकता माहिती असतो. व्होल्टेज पडलेलं असताना विहिरीवरचा पंप चालवला की मोटर जास्त धारा ओढते आणि वाइंडिंग जळतं. धारा दीडपट झाली की तारेतली गरमी सव्वादोनपट होते, म्हणून इतक्या लवकर जळतं.

ज्यूलनं हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीकडं पाठवला. त्यांनी त्याचा फक्त छोटा सारांश छापला. अख्खा लेख दुसऱ्या मासिकात छापून घ्यावा लागला. बियरवाल्याच्या पोराकडं कोण लक्ष देतंय?

आता त्या काळात उष्णतेबद्दल लोकांची समजूत काय होती ते बघू, त्याशिवाय पुढची मजा कळायची नाही. उष्णता म्हणजे कॅलरिक नावाचा एक अदृश्य द्रव, अशी बऱ्याच शास्त्रज्ञांची धारणा होती. तो नवीन तयार होत नाही, नाहीसाही होत नाही. फक्त इकडून तिकडं वाहतो. १७९८ मध्ये काउंट रमफर्ड यानं म्युनिकच्या शस्त्रशाळेत तोफेला भोक पाडताना घर्षणानं पाणी उकळून दाखवलं होतं आणि ही उष्णता संपतच नाही म्हटल्यावर ती द्रव कशी असेल, असा सवाल टाकला होता. पण कॅलरिकवाले काही हटले नव्हते.

ज्यूलनं विचार केला की तार तापते तेव्हा ही उष्णता बॅटरीतून वाहत आली असं कुणीही म्हणू शकतं. मग बॅटरीच काढून टाकली तर?

१८४३ चा हा प्रयोग मला त्याच्या सगळ्या प्रयोगांत जास्त आवडतो. पाठ्यपुस्तकात वल्ह्यांचं चाक येतं, हा येत नाही. त्यानं एक छोटा विद्युतचुंबक पाणी भरलेल्या काचेच्या नळीत बंद केला आणि ती नळी एका मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमधे मिनिटाला सुमारे सहाशे फेऱ्यांनी फिरवली. म्हणजे घरगुती जनित्रच झालं. बॅटरी नाही, चूल नाही, काही नाही. तरी पाणी तापलं. बाहेरून कुठूनही उष्णता वाहत आली नव्हती. आलं होतं ते फक्त हँडल फिरवण्याचं काम.

मग त्यानं तेच यंत्र उलटं केलं. आता बॅटरी जोडून ते मोटर म्हणून चालवलं. इथं उष्णता कमी भरली. मोटर जेवढं काम बाहेर देत होती, तेवढ्या हिशोबात तारांमधली उष्णता घटत होती. हातानं फिरवलं की उष्णता वाढते, यंत्रानं स्वतः काम केलं की उष्णता घटते. वहीतल्या जमा आणि खर्चासारखं दोन्ही बाजूंनी जुळलं.

मग हँडलला दोरी आणि दोरीला वजन बांधून, वजन किती फूट खाली उतरलं की किती उष्णता होते, तोही आकडा काढला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाईटनं तापवायला ८३८ पौंड वजन एक फूट खाली यावं लागतं, असं पहिलं उत्तर आलं. ते जरा जास्तच होतं, पुढं ते सुधारत गेलं.

आता आपल्या गिरणीचा हिशोब करू, कारण या प्रयोगानंतर तो करणं सोपं आहे.

समजा एक हॉर्सपॉवरची मोटर आहे. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, आणि ही ताकद मोटरच्या दांड्यावर मिळणारी. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती मीटरवरून ओढते साधारण ९३३ वॅट. मधले १८७ वॅट मोटरच्या तारांत, लोखंडात आणि बेअरिंगमधे उष्णता होऊन जातात.

मोटर आणि तिच्यावर चालणारं यंत्र, दोन्ही खोलीतच असतील तर खोलीला मिळतात पूर्ण ९३३ वॅट. इथंच बरेच जण चुकतात. त्यांना वाटतं, ८० टक्के तर कामाला लागले, मग खोली तापेल ती उरलेल्या २० टक्क्यांनी. पण त्या कामाचं पुढं काय होतं? गहू भरडला जातो, हवा ढवळली जाते, पट्टा घासतो आणि हे सगळं थोड्या वेळात उष्णताच होतं. ते १८७ वॅट तेवढे आधी तापतात, बाकीचे जरा फिरून येतात.

मोटर खोलीत पण यंत्र भिंतीपलीकडं असेल, तर मात्र खोलीला फक्त १८७ वॅट. आणि मोटर बाहेर, दांडा भिंतीतून आत आणि यंत्र खोलीत असेल, तर खोलीला ७४६ वॅट. मोटर तीच, बिल तेच. फक्त भिंत कुठं आहे यावर खोलीचा हिशोब बदलतो.

पाच हॉर्सपॉवरची मोटर ८५ टक्के कार्यक्षमतेनं पूर्ण भाराखाली चालली तर ती ओढते जवळपास ४,४०० वॅट. एक टनाचा एसी खोलीतून सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एका गिरणीच्या मोटरची गरमी काढायलाच सव्वा टनाचा एसी लागला असता. गिरणीवाल्याचं नशीब की बरीचशी उष्णता पिठाबरोबर गिऱ्हाइकाच्या डब्यातून घरी जाते.

अर्थात मोटरच्या पाटीवर पाच हॉर्सपॉवर लिहिलंय म्हणून ती कायम तेवढीच ओढते असं नाही. भार अर्धा असेल, मोटर तासातून वीसच मिनिटं चालत असेल, तर उष्णताही त्या मानानं कमी धरायची. पाटी बघून एसी घेणारे म्हणूनच गरजेपेक्षा मोठा एसी घेऊन बसतात. प्रत्यक्ष किती वीज ओढली जातेय ते मोजलेलं कधीही चांगलं.

आणि घरातल्या पंख्याचं काय? ७५ वॅटचा पंखा बंद खोलीत चालतो तेव्हा तो खोलीला ७५ वॅट उष्णता देतो, थंड करत नाही. थंड वाटतं ते अंगावरचा घाम लवकर सुकतो म्हणून. खोलीत कुणी नसताना पंखा चालू ठेवणं म्हणजे पैसे देऊन खोली तापवणं. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप मात्र यातून थोडा सुटतो. त्याच्या कामाचा काही भाग वर चढलेल्या पाण्यात साठून खोलीबाहेर जातो.

तर परत ज्यूलकडं. ऑगस्ट १८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात ब्रिटिश असोसिएशनची परिषद होती. ज्यूलनं तिथं हे सगळं वाचून दाखवलं. प्रतिसाद काय? शांतता. एवढ्याशा, अंशाच्या अपूर्णांकात मोजलेल्या उष्णतेवर एवढा मोठा दावा कोण मान्य करणार? पुढच्या वर्षी हवेच्या दाबावरचा त्याचा लेख रॉयल सोसायटीनं परत नाकारला.

इथं बियरचा धंदा कामी आला. बियर बनवताना तापमान जरा इकडं तिकडं झालं की अख्खा घाणा वाया जातो, त्यामुळं थर्मामीटर वाचण्यात ज्यूलचा हात बसलेला होता. त्यानं मँचेस्टरमधले कारागीर जॉन डान्सर यांच्याकडून असे थर्मामीटर करून घेतले की अंशाचा दोनशेवा भाग वाचता यावा. विद्यापीठातल्या भल्या भल्या लोकांना यावर विश्वास बसत नव्हता, कारण त्यांना स्वतःला ते जमत नव्हतं.

मग आलं ते प्रसिद्ध वल्ह्यांचं चाक. तांब्याचं भांडं, त्यात पाणी, पाण्यात फिरणारी वल्ही आणि भांड्याला आतून बसवलेल्या स्थिर पट्ट्या, म्हणजे पाणी नुसतं गोल न फिरता घुसळलं जावं. आपल्या ताक घुसळायच्या रवीसारखंच, फक्त दोरी ओढायला माणसाऐवजी दोन बाजूंना वजनं टांगलेली. १८५० मध्ये छापलेल्या प्रयोगात दोन्ही वजनं मिळून साधारण २६ किलो. ती दीड मीटरपेक्षा जरा जास्त उंचीवरून खाली सोडायची, परत गुंडाळून वर घ्यायची, असं वीस वेळा. एवढा घाम गाळून पाणी तापायचं किती? सुमारे अर्धा अंश फॅरनहाईट. आपला ७५ वॅटचा पंखा तेवढी ऊर्जा दोन मिनिटांच्या आत खर्च करतो.

एवढीशी वाढ मोजायची म्हणजे खोलीच शत्रू. खोलीची हवा भांड्यापेक्षा जरा गरम असली की पाणी तिच्यामुळंच तापणार. म्हणून ज्यूलनं प्रयोगाला ऐसपैस तळघर निवडलं, तिथलं तापमान फारसं हलत नाही. प्रत्येक प्रयोगाच्या जोडीला तेवढाच वेळ वल्ही न फिरवता भांडं नुसतं ठेवून बघायचं आणि खोलीनं किती तापवलं ते वजा करायचं. असे चाळीस प्रयोग आणि तेवढ्याच वजाबाक्या. स्वतःच्या अंगाची उष्णता भांड्याला लागू नये म्हणून मधे लाकडी आडोसा उभा केला. पुलीच्या घर्षणाचा हिशोब केला. लोखंडी चकत्या एकमेकांवर घासायच्या प्रयोगात करकर आवाज यायचा, तर त्या आवाजात किती ताकद वाया गेली याचा अंदाज त्यानं सेलो या वाद्याच्या तारेच्या आवाजाशी तुलना करून काढला. याला म्हणतात हिशोबाला पक्का.

उत्तर आलं ७७२. आजच्या मोजमापानं तो आकडा सुमारे ७७८ आहे. म्हणजे तळघरात दोऱ्या आणि वजनांनी काढलेलं उत्तर एक टक्क्याच्या आत बरोबर. आपल्या मापात सांगायचं तर एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायचं असेल तर एक किलोचं वजन सुमारे ४२७ मीटर खाली यावं लागतं.

पण हे सगळं जगानं ऐकलं कधी? जून १८४७, ऑक्सफर्ड. परत तीच परिषद. ज्यूल बोलायला उभा राहिला तर अध्यक्षांनी थोडक्यात आटपायला सांगितलं. त्यानं चार वाक्यांत सांगितलं आणि हाही दिवस वाया जाणार असं दिसत होतं. तेवढ्यात मागून एक तेवीस वर्षांचा तरुण प्राध्यापक उठला आणि त्यानं असे प्रश्न विचारले की सभा जागी झाली. तो होता विल्यम थॉमसन, पुढं जाऊन लॉर्ड केल्विन. थॉमसनला ते लगेच पटलं असं नाही, उलट त्याला यात गडबड वाटत होती. पण हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, एवढं त्यानं ओळखलं.

दोन महिन्यांनी, ऑगस्ट १८४७ मध्ये ज्यूलचं लग्न झालं. नवरी अमेलिया ग्राइम्स, लिव्हरपूलच्या कस्टम अधिकाऱ्याची मुलगी. मधुचंद्राला आल्प्समधे गेले. तिथं रस्त्यात थॉमसन भेटला. थॉमसन पुढं सांगायचा की ज्यूलच्या हातात लांबलचक थर्मामीटर होता, बायको मागून गाडीत येत होती आणि हा धबधब्याच्या वरचं आणि खालचं पाणी मोजायला निघाला होता. थर्मामीटरचा तपशील थॉमसननं नंतर रंगवला असावा अशी शंका इतिहासकार घेतात. पण विचार ज्यूलच्या डोक्यात होताच. नायगाराचं पाणी खाली पडून अंशाच्या पाचव्या भागाइतकं तापत असणार, असं त्यानं आधीच गणित करून ठेवलं होतं. आल्प्समधल्या धबधब्यावर दोघांनी प्रयत्नही केला, पण पाणी खाली येईपर्यंत तुषार होऊन उडून जात होतं. बेत फसला.

१८४९ मध्ये ज्यूलचा मोठा लेख रॉयल सोसायटीपुढं मायकेल फॅरडे यांनी मांडला. म्हणजे आता वजन आलं होतं. तरीही लेख तपासणाऱ्यांनी त्यातला एक निष्कर्ष गाळायला लावला, तो म्हणजे घर्षणात काम उष्णतेत बदलतं हा. चाळीस प्रयोगांचे आकडे चालले, त्यांचा अर्थ चालला नाही! तरी १८५० मध्ये त्याला सोसायटीचं सदस्यत्व मिळालं.

याच सुमारास श्रेयाचा वादही पेटला. जर्मनीतला डॉक्टर युलियस रॉबर्ट मायर १८४० मध्ये जहाजावरचा डॉक्टर म्हणून जावाला गेला होता. उष्ण प्रदेशात खलाशांचं रक्त जास्त लाल दिसतं यावरून विचार करत करत तो १८४२ मध्ये उष्णता आणि काम यांच्या नात्यापर्यंत पोचला होता. म्हणजे कल्पना छापली मायरनं आधी. पण इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या प्रयोगांनी तोच आकडा पुन्हा पुन्हा काढून दाखवला तो ज्यूलनं. वाद बरीच वर्षं चालला आणि मायरला त्याचा फार मनस्ताप झाला. शेवटी रॉयल सोसायटीनं आपलं सर्वोच्च कॉप्ली पदक १८७० मध्ये ज्यूलला आणि १८७१ मध्ये मायरला दिलं. मला विचाराल तर हा न्याय बरा झाला, फक्त वीस वर्षं उशिरा.

थॉमसनची आणि ज्यूलची जोडी मात्र जमली. गणित थॉमसनचं, प्रयोग ज्यूलचे, आणि गप्पा बहुतेक पत्रांतून. दाबाखालची हवा सच्छिद्र बुचातून पलीकडं ढकलली की ती किंचित थंड होते, हे दोघांनी १८५० च्या दशकात दाखवलं. याच ज्यूल-थॉमसन परिणामाचा वापर करून पुढं १८९५ मध्ये लिंडेनं हवेचं द्रवात रूपांतर करायचं यंत्र उभं केलं. ज्या माणसानं मोटरची गरमी मोजली, त्याचं नाव थंडाव्याच्या यंत्रांमधेही येतं ते असं.

घरी मात्र सगळं कोसळलं होतं. १८५० मध्ये मुलगा, १८५२ मध्ये मुलगी झाली. १८५४ मध्ये तिसरं मूल झालं आणि काही दिवसांतच गेलं. त्याच वर्षी अमेलियाही गेली. ज्यूल तेव्हा पस्तीस वर्षांचा. आधीच बुजरा, तो आणखी मिटला. दोन लहान लेकरांना घेऊन वडिलांच्या घरी राहायला आला. पुन्हा लग्न केलं नाही. त्याच सुमारास बियरचा कारखानाही विकला गेला.

प्रयोग सुटले नाहीत. १८६० च्या दशकात त्याच्यावर एक कामगिरी आली. विजेच्या रोधाचं प्रमाण एकक नुकतंच ठरलं होतं. ते वापरून, म्हणजे तारेतल्या उष्णतेवरून, जुना आकडा परत काढायचा होता. ज्यूलनं काढला तर उत्तर आलं सुमारे ७८३. वल्ह्यांनी ७७२, विजेनं ७८३. आता चूक कुणाची? तळघरात घरच्या घरी प्रयोग करणाऱ्याची, की मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या समितीची?

ज्यूल साठीच्या जवळ आला होता, तब्येत खालावलेली. तरी १८७० च्या दशकात त्यानं वल्ह्यांचा प्रयोग नव्यानं मांडला. १८७८ मध्ये उत्तर छापलं, ७७२.५५. पुढं इतरांनी तपासलं तेव्हा कळलं की समितीचं रोधाचं एककच एक टक्क्यापेक्षा जरा जास्त चुकलेलं होतं.

तोवर पैसा संपत आला होता. आयुष्यभर पदरचे पैसे घालून प्रयोग करणाऱ्या माणसाला १८७८ मध्ये सरकारनं वर्षाला दोनशे पौंड पेन्शन सुरू केली. नोकरी अशी त्यानं कुठल्याच विद्यापीठात कधी केली नाही.

१८८९ च्या उन्हाळ्यात पॅरिसला विजेच्या अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिनं ऊर्जेच्या एककाला ज्यूल हे नाव मान्य केलं. आज विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. परिषदेनंतर काही आठवड्यांतच, ११ ऑक्टोबर १८८९ रोजी, मँचेस्टरजवळच्या सेल गावी राहत्या घरी जेम्स ज्यूल वारला. मँचेस्टरच्या टाऊन हॉलमध्ये आज त्याचा पुतळा आहे, समोरच डाल्टन यांचाही.

सेलच्या ब्रुकलँड्स दफनभूमीत त्याची कबर आहे. दगडावर वर एक आकडा कोरलाय, ७७२.५५.